पॉइंटांचं तिकीट आणि वरचे पैसे: मुंबई–लंडनचा एक हिशेब

मे महिन्याच्या सुट्टीत लंडनला जायचं आणि तिकिटं क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांवर काढायची असं ठरलं की घरात पहिला प्रश्न येतो, ‘पॉइंट पुरतील का?’ त्याच्याही आधी विचारायला हवं ते ‘वरचे पैसे किती?’ हे. पॉइंटांच्या तिकिटात माफ होतं ते फक्त मूळ भाडं. सरकारी कर, विमानतळाची फी आणि विमानकंपनीचा स्वतःचा सरचार्ज रोखीनंच भरावा लागतो. कंपनी आणि मार्ग चुकीचा निवडला तर हा आकडा रोख तिकिटाच्या निम्म्यावर जातो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशी गत.

हिशेब चौघांचा होता: दोन मोठी माणसं, चौदा वर्षांचा मुलगा, आठ वर्षांची मुलगी. मुंबई–लंडन–मुंबई, इकॉनॉमी. खाली भाडी आणि पॉइंट यांचे आकडे गोल करून दिलेत, कारण ते रोज हलतात. कर आणि नियमांचे आकडे आहेत तसेच ठेवलेत.

सुरुवात रोख भाड्यापासून केली. पॉइंटांच्या साइटवर जाण्याआधी त्याच तारखांची दोन भाडी कागदावर लिहून घ्यावीत. एक, ज्या विमानाचं तिकीट पॉइंटांवर काढायचा विचार आहे त्याच विमानाचं रोख भाडं. दुसरं, पॉइंट नसते तर आपण खरोखर जे तिकीट काढलं असतं त्याचं भाडं. ही दोन वेगळी असू शकतात, आणि तुलना दुसऱ्याशीच करायची. बिझनेस क्लासचं अडीच लाखांचं तिकीट ‘फुकट’ मिळालं म्हणून अडीच लाख वाचले असं होत नाही, कारण ते तिकीट आपण रोखीनं कधीच काढलं नसतं. आमच्या कागदावर दुसरा आकडा माणशी ६२,००० रुपये असा आला.

मग सीट शोधल्या. मुंबईहून लंडनला थेट विमानं एअर इंडिया, ब्रिटिश एअरवेज, व्हर्जिन अटलांटिक अशा कंपन्यांची. एका थांब्यानं जायचं तर दोहा, दुबई, अबू धाबी, इस्तंबूल, फ्रँकफर्ट, झ्युरिक, पॅरिस असे बरेच मार्ग आहेत. इथे एक गोष्ट पक्की लक्षात घ्यायला हवी: सीट एका कंपनीची आणि पॉइंट दुसऱ्या कंपनीचे असू शकतात. एअर इंडिया २०१४पासून स्टार अलायन्स या विमानकंपन्यांच्या आघाडीत आहे. त्यामुळे एअर इंडियानं भागीदारांसाठी सोडलेली सीट एअर कॅनडाच्या एरोप्लॅन पॉइंटांवर किंवा युनायटेडच्या माइल्सवर काढता येते (माइल्स म्हणजे विमानकंपनीचे स्वतःचे पॉइंट, कार्डाचे पॉइंट त्यांत बदलून घेता येतात). तीच सीट, तेच जेवण, मुंबईचं तेच टी-टू टर्मिनल. पण कोणाच्या पॉइंटांवर काढली त्यावर वरचे पैसे बदलतात. सगळ्या तुलनेचं मर्म एवढ्यातच आहे.

प्रत्येक पर्याय पैसे भरायच्या पानापर्यंत नेला आणि तिथे करांचा तपशील उघडला. पहिल्या पानावरचा ‘कर व शुल्क’ हा एकत्र आकडा काही कामाचा नाही. तो फोडून बघावा लागतो. लंडनच्या तिकिटात साधारण हे कोड दिसतात. आयएन म्हणजे आपल्या विमानतळाची यूझर डेव्हलपमेंट फी. पी२ म्हणजे विमानतळ सुरक्षा फी, आंतरराष्ट्रीय प्रवासाला १२ अमेरिकन डॉलर. के३ म्हणजे जीएसटी. जीबी म्हणजे ब्रिटनचा एअर पॅसेंजर ड्यूटी हा कर आणि यूबी म्हणजे तिथल्या विमानतळाची प्रवासी फी. हे सगळं, जीएसटी सोडून, कोणत्याही पॉइंटांवर तिकीट काढलं तरी तेवढंच राहतं. उरतात ते वायक्यू आणि वायआर. हे दोन कोड सरकारचे नाहीत. इंधन सरचार्ज म्हणून ते सुरू झाले, आता ‘कंपनीनं लावलेलं शुल्क’ या नावाखाली येतात आणि पूर्णपणे विमानकंपनीच्या खिशात जातात.

साइट तपशील देत नसेल तर गूगलच्या मालकीचं आयटीए मॅट्रिक्स वापरावं. तिथे तिकीट काढता येत नाही, पण त्याच विमानांचं रोख भाडं शोधलं की भाड्याची पूर्ण फोड दिसते, वायक्यू आणि वायआर वेगळे लिहिलेले असतात. सरचार्ज लावणारे विमानकंपन्यांचे बहुतेक पॉइंट-कार्यक्रम पॉइंटांच्या तिकिटावर हाच आकडा लावतात, म्हणून अंदाज जवळपास बरोबर येतो. तारखा एकदोन दिवस पुढेमागे करून, आणि जाण्यायेण्याचा मार्ग वेगवेगळा टाकून पाहावा. एकाच कंपनीचा सरचार्ज जाताना आणि येताना वेगळा असू शकतो.

के३कडे दुर्लक्ष करू नये. हा जीएसटी मूळ भाडं आणि सरचार्ज या दोन्हींवर बसतो. पॉइंटांच्या तिकिटात मूळ भाडं शून्य झालं तरी सरचार्जवरचा जीएसटी राहतो. इकॉनॉमीला ५ टक्के. प्रीमियम इकॉनॉमी, बिझनेस आणि फर्स्टला २२ सप्टेंबर २०२५पासून १८ टक्के, त्याआधी १२ होता. बिझनेसच्या तिकिटावर ६०,००० रुपये सरचार्ज असेल तर त्यावर आणखी १०,८०० रुपये. म्हणजे सरचार्ज टाळला की त्याचं शेपूटही आपोआप कापलं जातं.

आता कोण सरचार्ज घेतं आणि कोण नाही. एरोप्लॅननं नोव्हेंबर २०२०मध्ये नवा कार्यक्रम आणला, तेव्हापासून ते कोणत्याही भागीदाराच्या विमानावर सरचार्ज लावत नाहीत. भागीदाराचं विमान असेल तर तिकिटामागे ३९ कॅनेडियन डॉलर फी मात्र घेतात. युनायटेडही सरचार्ज लावत नाही. कोलंबियाच्या आव्हियान्का कंपनीच्या लाइफमाइल्समध्येही सरचार्ज नसतो, भागीदाराच्या तिकिटाला २५ अमेरिकन डॉलर फी असते. सिंगापूर एअरलाइन्सनं २०१७मध्ये स्वतःच्या विमानांवरचा सरचार्ज बंद केला. पण त्यांच्या क्रिसफ्लायर कार्यक्रमाचे माइल्स लुफ्तान्साच्या विमानाला वापरले तर लुफ्तान्साचा सरचार्ज येतो. तेच लुफ्तान्साचं विमान एरोप्लॅनवर काढलं तर येत नाही. लुफ्तान्साच्या स्वतःच्या माइल्स अँड मोअरमध्येही तो येतो. एमिरेट्स, व्हर्जिन अटलांटिक आणि एअर फ्रान्स–केएलएमचं फ्लाइंग ब्लू हे सरचार्ज लावणाऱ्यांत मोडतात.

ब्रिटिश एअरवेजचं जरा निराळं आहे. त्यांच्या पॉइंटांना ॲव्हिऑस म्हणतात. पॉइंटांच्या तिकिटाच्या रिवॉर्ड फ्लाइट सेव्हर या योजनेत एकाच सीटसाठी दरांच्या अनेक जोड्या दाखवतात: जास्त ॲव्हिऑस आणि कमी पैसे, किंवा कमी ॲव्हिऑस आणि जास्त पैसे. सर्वांत कमी पैशांची जोडी बघून डोळे दिपतात. तिथेच पेन हातात घ्यावं. एका जोडीवरून दुसऱ्या जोडीवर गेलो तर किती ॲव्हिऑस जास्त गेले आणि किती रुपये वाचले, हा भागाकार करायचा. १५,००० ॲव्हिऑस जास्त देऊन ९,००० रुपये वाचत असतील तर एका ॲव्हिऑसचे ६० पैसे मिळाले. तो भाव पटला तरच तिकडे जायचं. ॲव्हिऑस हे चलन कतार एअरवेज, फिनएअर, इबेरिया आणि एर लिंगस यांच्यातही चालतं आणि स्वतःच्या खात्यांमध्ये एकास एक हलवता येतं. म्हणून ब्रिटिश एअरवेजच्या साइटवरचा आणि कतारच्या साइटवरचा असे दोन्ही आकडे बघितल्याशिवाय थांबू नये.

यानंतरचा भाग बहुतेक लोक गाळतात, आणि चूक तिथेच होते. आमच्यासमोर शेवटी दोन पर्याय राहिले. पहिल्यात माणशी ५०,००० माइल्स आणि वरचे ३१,००० रुपये. दुसऱ्यात ७०,००० माइल्स आणि १८,००० रुपये. सूत्र साधं: रोख भाड्यातून वरचे पैसे वजा करा आणि माइल्सनं भागा. पहिला: ६२,००० वजा ३१,०००, भागिले ५०,०००, म्हणजे ६२ पैसे. दुसरा: ६२,००० वजा १८,०००, भागिले ७०,०००, म्हणजे जवळपास ६३ पैसे. सरचार्जमध्ये तेरा हजारांचा फरक असूनही भाव सारखाच. ‘सरचार्ज नाही’ या दोन शब्दांवर भाळून तिकीट काढू नये ते यासाठी.

खरा फरक पुढे आहे. आपल्याकडे माइल्स नसतात, बँकेचे पॉइंट असतात. ते कोणत्या प्रमाणात माइल्स होतात हे कार्डावर आणि विमानकंपनीवर ठरतं. पहिल्या कार्यक्रमात बँकेचा एक पॉइंट म्हणजे एक माइल आणि दुसऱ्यात दोन पॉइंट म्हणजे एक माइल असेल, तर दुसऱ्या तिकिटाला १,४०,००० बँक पॉइंट जातात. आता ४४,००० भागिले १,४०,०००. एका बँक पॉइंटाचे जेमतेम ३१ पैसे, पहिल्याच्या निम्मे. म्हणून आमच्या कागदावर माइल्सचा रकाना पेन्सिलनं आणि बँक पॉइंटांचा रकाना पेनानं असतो. मॅरियट बॉनव्हॉयचे हॉटेल पॉइंट असतील तर बहुतेक विमानकंपन्यांना तीनास एक प्रमाण पडतं, आणि एका वेळी ६०,००० पाठवले तर ५,००० माइल्स वर मिळतात, म्हणजे २५,०००. तुकड्यातुकड्यांनी पाठवणाऱ्यांचं इथे नुकसान होतं.

या भावाची तुलना मग आपल्या ‘तळाच्या भावाशी’, म्हणजे तेच पॉइंट दुसरीकडे वापरले तर हमखास मिळणाऱ्या भावाशी करायची. काही वरच्या कार्डांवर बँकेच्याच प्रवास साइटवर विमानाच्या तिकिटासाठी एका पॉइंटाला एक रुपया धरतात, भाड्याच्या ठरावीक टक्क्यांपर्यंत. आपलं कार्ड तसं असेल तर ६२ पैशांचा व्यवहार तोट्याचा आहे, सरचार्ज कितीही कमी असो. अशा वेळी बँकेच्या साइटवर पॉइंट वापरून साधं तिकीट काढावं. त्यावर विमानकंपनीचे माइल्सही सहसा जमा होतात. आपल्या पॉइंटाचा तळाचा भाव २५ किंवा ३० पैसे असेल तर ६२ पैसे चांगलेच. आणखी एक बारीक दुरुस्ती: रोख तिकीट काढलं असतं तर त्या खर्चावर कार्डाचे पॉइंट मिळाले असते. तीन टक्के परतावा धरला आणि सरचार्जच्या रकमेवरही तोच धरला, तर आमचे ६२ पैसे ६०वर येतात. फरक छोटा आहे, पण निर्णय काठावर असेल तर मोजावा.

आता ब्रिटनचा कर, कारण लंडनच्या तिकिटात सरचार्जनंतर सर्वांत जड वजन त्याचंच. एअर पॅसेंजर ड्यूटी ब्रिटनमधून निघणाऱ्या विमानावर लागते, तिथे उतरणाऱ्या विमानावर नाही. भारत त्यांच्या बी पट्ट्यात येतो, म्हणजे लंडनपासून २,००१ ते ५,५०० मैल. १ एप्रिल २०२५पासून इकॉनॉमीला ९० पाउंड आणि त्यावरच्या वर्गांना २१६ पाउंड होते. १ एप्रिल २०२६पासून १०२ आणि २४४. पाउंड १२० रुपये धरला तर इकॉनॉमी आणि प्रीमियम इकॉनॉमी यांत केवळ करापोटी १७,०४० रुपयांचा फरक पडतो. पाय पसरून बसायची हौस असेल तर ती मुंबईहून जाताना भागवावी आणि परतीला इकॉनॉमी घ्यावी, कारण जातानाच्या वर्गाशी या कराचा संबंध नाही.

मुलांसाठी मोठी सवलत आहे: इकॉनॉमीत १६ वर्षांखालच्या मुलांना हा कर नाही. आमच्या हिशेबात दोन मुलांचे २०४ पाउंड, म्हणजे २४,४८० रुपये वाचतात. पण काही साइटवर १२ वर्षांवरचं मूल ‘प्रौढ’ म्हणून टाकावं लागतं आणि कर लागून येतो. ब्रिटिश एअरवेजच्या साइटवर १२ ते १५ वर्षांचा ‘यंग अ‍ॅडल्ट’ असा वेगळा पर्याय आहे, तोच निवडावा. दुसरीकडे काढत असाल तर चौदा वर्षांच्या मुलाच्या तिकिटात जीबी हा कोड आहे का ते पैसे भरण्याआधी बघावं, आणि असेल तर फोन करून काढायला लावावा. नंतर परत मागता येतो, पण खेटे घालावे लागतात. मुलांना बिझनेसमध्ये बसवलं तर सवलत जाते. दोन वर्षांखालचं मांडीवरचं बाळ कोणत्याही वर्गात या करातून मोकळं आहे. मात्र बाळाच्या तिकिटाला काही कार्यक्रम रोख भाड्याच्या १० टक्के घेतात आणि बिझनेसमध्ये ती रक्कम टोचते. एरोप्लॅनमध्ये ती २५ कॅनेडियन डॉलर किंवा २,५०० पॉइंट अशी ठरलेली आहे.

हा कर वाचवायला परत येताना पॅरिसहून यावं, असा सल्ला बरेच जण देतात. भारतीय पासपोर्टवर तो क्वचितच परवडतो. पॅरिसला जायचं तर शेंगेन व्हिसा लागतो, मोठ्या माणसाला ९० युरो, शिवाय लंडन–पॅरिस युरोस्टार रेल्वेचं तिकीट. १०२ पाउंड वाचवायला त्याहून जास्त खर्च. पॅरिस बघायचंच असेल तर गोष्ट वेगळी. डब्लिनचा मार्ग जरा बरा: ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ (ब्रिटन आणि आयर्लंडची एकत्र व्हिसा योजना) अशी नोंद असेल तर भारतीयांना त्याच व्हिसावर आयर्लंडला जाता येतं, आयर्लंडनं आपला विमानप्रवास कर २०१४मध्येच रद्द केला आहे, आणि डब्लिनहून एमिरेट्स व कतार मुंबईला जोडतात. लंडन–डब्लिन विमानाला ए पट्ट्यातला छोटा कर लागतो, १५ पाउंड. बिझनेसनं परतायचं असेल तर हा फेरा हिशेबात बसतो. इकॉनॉमीत चौघांना बॅगा घेऊन फिरवण्याइतका फायदा आम्हाला दिसला नाही. लंडनमार्गे अमेरिकेला जाणाऱ्यांनी एवढं बघावं की थांबा २४ तासांच्या आत असेल तर हा कर लागत नाही, पण ट्रान्झिट व्हिसाचे नियम वेगळे तपासावे लागतात.

चलनाचीही एक गोम आहे. जाणं आणि येणं दोन वेगळ्या पॉइंटांवर काढलं तर परतीच्या तिकिटाचे वरचे पैसे बऱ्याचदा पाउंडात कापले जातात. एरोप्लॅनचे कॅनेडियन डॉलरमध्ये. आपल्या बहुतेक कार्डांवर परकीय चलनाला ३.५ टक्के मार्कअप, म्हणजे बँकेचं जादा शुल्क, आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४.१३ टक्के. ४५,००० रुपयांच्या वरच्या पैशांवर साधारण १,८६० रुपये. मार्कअप २ टक्के असलेलं किंवा अजिबात नसलेलं कार्ड घरात कोणाकडे असेल तर ते वापरावं. साइट ‘रुपयांत भरा’ असं विचारत असेल आणि मूळ रक्कम पाउंडात असेल, तर नाही म्हणावं. तिथला दर बँकेच्या दरापेक्षा वाईट असतो. बँकाही पॉइंट विमानकंपनीकडे ट्रान्सफर करायला ९९ किंवा १९९ रुपये अशी फी आणि जीएसटी घेतात. ती छोटी असली तरी चौघांच्या खात्यांतून चार वेळा पाठवलं तर चार वेळा जाते.

ट्रान्सफर सर्वांत शेवटी. बँकेचे पॉइंट एकदा माइल्स झाले की परत येत नाहीत. पाठवण्याआधी सीट दोन ठिकाणी दिसते का ते पाहिलं: एअर इंडियाची सीट एरोप्लॅनवर दिसली तर युनायटेडच्या साइटवरही शोधली. एकाच ठिकाणी दिसत असेल तर ती प्रत्यक्षात नसण्याची शक्यता मोठी असते. पुढचं पान उघडतं, पैसे भरताना चूक दाखवतं, आणि तोवर माइल्स खात्यात येऊन अडकलेले असतात. काही कार्यक्रमांत पॉइंट मिनिटांत पोचतात, काहींत दोनतीन दिवस लागतात, आणि तेवढ्यात सीट जाऊ शकते. ज्याला दिवस लागतात त्याचं तिकीट गर्दीच्या मे महिन्यासाठी धरून चालू नये. ब्रिटिश एअरवेज आणि सिंगापूर दोन्ही ३५५ दिवस आधी सीट खुल्या करतात. शाळेच्या सुट्टीशी बांधलेल्या घरांनी तो दिवस कॅलेंडरवर मांडून ठेवावा. काही बँकांनी एका वर्षात किती पॉइंट बाहेर पाठवता येतील यावर मर्यादा घातली आहे, तीही आधी बघावी.

नावाचा घोळ आपल्याकडे हमखास होतो. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, कार्डावर फक्त नाव आणि आडनाव. विमानकंपनीच्या खात्यातलं नाव कार्डाच्या नावाशी जुळलं नाही की ट्रान्सफर परत येतं. तिकिटावर मात्र पासपोर्टवरचंच पूर्ण नाव हवं. म्हणून खातं उघडतानाच पासपोर्टप्रमाणे नाव घालावं आणि बँकेकडचं नाव त्याला जुळवून घ्यावं. लग्नानंतर आडनाव बदललेल्यांनी हे महिनाभर आधी करावं. क्रिसफ्लायरमध्ये दुसऱ्यासाठी तिकीट काढायचं तर त्या व्यक्तीला नॉमिनी म्हणून जोडावं लागतं आणि नॉमिनी पाचच ठेवता येतात. आईवडील, सासूसासरे आणि मुलं मिळून पाच सहज भरतात, तेव्हा कोणाला जोडायचं ते आधी ठरवावं.

पैसे भरल्यावर सहा अक्षरांचा पीएनआर येतो, पण तो म्हणजे तिकीट नव्हे. तेरा आकड्यांचा ई-तिकीट क्रमांक यायला हवा. पहिले तीन आकडे तिकीट काढणाऱ्या कंपनीचे: एअर इंडिया ०९८, ब्रिटिश एअरवेज १२५, एअर कॅनडा ०१४. एरोप्लॅनवर एअर इंडियाचं विमान घेतलं तर क्रमांक ०१४नं सुरू होतो, आणि बदल किंवा रद्द करायचं असेल तर बोलायचं एअर कॅनडाशीच. एअर इंडियाच्या काउंटरवर जाऊन उपयोग नाही. सीट निवडण्यासाठी मात्र एअर इंडियाचा वेगळा पीएनआर मागून घ्यावा. चोवीस तासांत तेरा आकडे आले नाहीत तर फोन करावा, कारण माइल्स कापले गेले आणि तिकीट निघालंच नाही असं होऊ शकतं.

सरचार्ज आणि कर तिकीट ज्या दिवशी निघतं त्या दिवशीच्या दरानं लागतात. जपानच्या कंपन्या तर दर दोन महिन्यांनी इंधनाच्या भावाप्रमाणे सरचार्ज बदलतात, त्यामुळे टोकियोला जाणाऱ्यांनी पुढच्या दोन महिन्यांचा दर जाहीर झाला की बघून आधी काढायचं की थांबायचं ते ठरवावं. तारीख बदलली तर तिकीट नव्यानं निघतं, वरचे पैसे नव्या दरानं मोजले जातात आणि फरक कार्डावर येतो. रद्द केलं तर माइल्स खात्यात परत जातात, कर कार्डावर परत येतो, त्यातून माणशी रद्द करण्याची फी वजा होते. परतावा पाउंडात किंवा डॉलरमध्ये आला तर भरताना गेलेला मार्कअप बहुधा परत मिळत नाही.

आमचा निकाल असा लागला: जाणं सरचार्ज नसलेल्या पॉइंटांवर, येणं कमी माइल्स लागणाऱ्या कार्यक्रमात, आणि मुलांच्या दोन्ही तिकिटांत जीबी कोड शून्य. आईवडिलांपैकी एकाचं तिकीट रोखीनं काढलं, कारण चौथ्या सीटचा भाव बँक पॉइंटांत ४० पैशांच्या खाली गेला होता.